डीएसएलआर सोडल्यावर कोणता ब्रिज कॅमेरा घ्यावा?

प्रश्न : पानगळ

बारा वर्षे वापरलेला डीएसएलआर मी गेल्या महिन्यात भाच्याला देऊन टाकला. कॅमेऱ्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार उजव्या खांद्याची होती. बॉडी, १८-५५, ७०-३०० आणि ५० मिमी एफ/१.८ अशा तीन लेन्स आणि वरकड सामान मिळून पिशवी अडीच किलोंच्या आसपास जाई. दुखणे वाढले तसतशी ती पिशवी घरीच राहू लागली, आणि शेवटचे सहा महिने तर मी पक्षी पाहायला रिकाम्या हातांनीच जात होते. म्हणून आता लेन्स बदलावी न लागणारा, एका पट्ट्यावर गळ्यात अडकवता येणारा ब्रिज कॅमेरा घ्यायचे ठरवले आहे.

वाचून आणि विचारून चार कॅमेरे उरले आहेत (कंसात झूमची पोहोच) : सोनी आरएक्स१० मार्क ४ (२४-६०० मिमी), निकॉन पी९५० (२४-२००० मिमी), पॅनासॉनिक एफझेड१००० मार्क २ (२५-४०० मिमी) आणि कॅनन एसएक्स७० एचएस (२१-१३६५ मिमी). पहिल्या आणि तिसऱ्यात १ इंची सेन्सर (प्रकाश टिपणारा पट) आहे, उरलेल्या दोघांत त्याहून बराच लहान, १/२.३ इंची. माझी निम्मी छायाचित्रे पक्ष्यांची असतात आणि तीही बहुतेक पहाटे, झाडीत काढलेली. उरलेल्यांत निसर्गदृश्ये आणि संध्याकाळी घरात काढलेली मुलांची छायाचित्रे येतात. मला खरा पेच पडला आहे तो मोठा सेन्सर घ्यावा की लांब झूम घ्यावा याचा. २००० मिमी हा आकडा प्रत्यक्ष वापरात कितपत खरा ठरतो, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर मोठी मदत होईल.

उत्तर : दुर्बीण

आपण सेन्सर आणि झूम अशी दोन टोके मांडली आहेत. मी तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरीन. लेन्सवर छापलेले खरे फोकल अंतर घ्या आणि त्याला त्या टोकाच्या एफ-आकड्याने (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, किती उघडते ते सांगणाऱ्या आकड्याने) भागा. २४-६०० हे सममूल्य अंतर आहे, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याशी तुलना करता यावी म्हणून दिलेले. आरएक्स१०च्या लेन्सवर प्रत्यक्षात ८.८-२२० मिमी लिहिलेले असते. लांब टोकाला ॲपर्चर एफ/४, तेव्हा २२० भागिले ४ म्हणजे ५५ मिमी. हा लेन्सच्या प्रकाशद्वाराचा व्यास झाला, आणि दूरच्या पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरणार हे तोच ठरवतो. पी९५० ची लेन्स ४.३-३५७ मिमी आहे आणि लांब टोकाला तिचे ॲपर्चर एफ/६.५ असते; ३५७ भागिले ६.५ केले की उत्तर पुन्हा ५५ मिमीच येते. आपल्या जुन्या ७०-३०० चे पूर्ण लांबीला एफ/५.६ धरले, तर तेही साधारण ५३ मिमी होते. म्हणजे फांदीवर बसलेल्या त्याच पक्ष्याकडून, तितक्याच शटरवेळात, या तिन्ही लेन्स जवळजवळ सारखाच प्रकाश गोळा करतात. एफझेड१००० मार्क २ मध्ये १४६ भागिले ४ केल्यास सुमारे ३७ मिमी येतात आणि एसएक्स७० मध्ये २४७ भागिले ६.५ केल्यास ३८. झूमचे आकडे इतके वेगळे असूनही हे दोन कॅमेरे या एका बाबतीत शेजारी शेजारी उभे आहेत, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ कागदावर आकडेमोड करत बसलो होतो.

मग २००० मिमीने नेमके मिळते काय? सोळा सेंटिमीटरांचा छोटा खंड्या आपल्यापासून २० मीटरवर बसला आहे असे समजा. ६०० मिमीला त्या अंतरावर चौकटीत १.२ मीटर रुंदीचा भाग मावतो, त्यामुळे आडवा बसलेला खंड्या चौकटीच्या साधारण आठव्या भागाइतका, सुमारे ७०० पिक्सेल लांब उमटतो. २००० मिमीला तीच चौकट ३६ सेंटिमीटर रुंद असते आणि खंड्या तिचा जवळजवळ निम्मा भाग व्यापून दोन हजार पिक्सेल घेतो. आरएक्स१० चे छायाचित्र कापून तितकीच चौकट उरवली, तर २० मेगापिक्सेलांपैकी १.८ मेगापिक्सेल हाती राहतात. फरक निश्चित आहे; मात्र पिक्सेल तिप्पट झाले म्हणून पिसांतला तपशील तिप्पट होत नाही. प्रकाश अरुंद द्वारातून जाताना विवर्तनाने पसरतो. एफ/६.५ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो, आणि पी९५० च्या सेन्सरवरचा एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा असतो. एकच बिंदू सहा-सात पिक्सेलांवर सांडत असेल, तर त्यातले बरेच पिक्सेल नवे काही सांगत नाहीत. माझ्या हिशेबाने पी९५० आरएक्स१० पेक्षा दुपटीच्या आतबाहेर तपशील देऊ शकतो, आणि तोही हवा स्वच्छ असताना व कॅमेरा स्थिर असताना.

घरातल्या छायाचित्रांचा हिशेब मात्र कडू आहे, आणि तो आधीच केलेला बरा. आपल्या ५० मिमी एफ/१.८ चे द्वार सुमारे २८ मिमीचे होते. तितक्याच रुंदीचे दृश्य टिपताना आरएक्स१० चे खरे फोकल अंतर २७.५ मिमी असते, ॲपर्चर एफ/२.८ धरले तरी द्वार १० मिमीचे होते, म्हणजे प्रकाश साधारण आठपटीने कमी, तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). पी९५० मध्ये तर ते ५ मिमीच्याही आत जाते. दिव्याखाली धावणारी मुले ५० मिमीने जशी निघत, तशी कोणत्याही ब्रिज कॅमेऱ्याने निघणार नाहीत. पक्ष्यांच्या बाबतीत आपण फारसे काही गमावणार नाही. घरात मात्र गमावाल.

उत्तर : सायंप्रकाश

मी चार वर्षे पी९५० वापरतो आहे आणि त्यावर माझा जीव आहे, म्हणून त्याच्या मर्यादा मीच सांगणे योग्य ठरेल. लख्ख उन्हात, पंधरा-वीस मीटरवर बसलेल्या पक्ष्यासाठी त्याला तोड नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ला, पूर्ण झूमवर, उन्हात १/६०० सेकंदाचा वेग मिळतो आणि पिसे सुटी सुटी दिसतात. आभाळ भरून आले की त्याच वेगासाठी आयएसओ ८०० च्या घरात जावे लागते, आणि पहाटेच्या झाडीत १६०० ते ३२००. तिथे पिसांच्या जागी रंगाचा लगदा दिसू लागतो. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय फार चांगली आहे, ती माझ्या हाताची थरथर झेलते; पण पक्ष्याने मान वळवली तर ती काही करू शकत नाही. आपण बहुतेक पहाटे आणि झाडीत जाता असे लिहिले आहे. ते वाक्य मी दोनदा वाचले.

दूरचा पक्षी २००० मिमीने ओढून घेता येईल ही अपेक्षा मीही बाळगली होती. शंभर मीटरवरचा बगळा दुपारी अकरानंतर टिपला की मध्ये तापलेल्या हवेचे इतके थर येतात की चोचीची कडच लाटेसारखी हलताना दिसते, आणि त्यावर कोणत्याही सेन्सरचा इलाज नाही. त्यामुळे मी हा झूम लांबचे पक्षी जवळ आणण्यासाठी न वापरता जवळचे छोटे पक्षी मोठे करण्यासाठी वापरू लागलो, आणि तेव्हापासून माझी छायाचित्रे सुधारली. चंद्र मात्र खरोखर सुंदर येतो. पूर्ण झूमवर तो चौकटीच्या उंचीचा तीन चतुर्थांश भाग व्यापतो आणि अष्टमीच्या आसपास विवरांच्या कडांवरच्या सावल्या स्पष्ट दिसतात.

एक सोय मुद्दाम सांगतो. पूर्ण झूमवर चौकट जेमतेम एक अंश रुंद असते, त्यामुळे पक्षी फांदीवरून उडून शेजारच्या फांदीवर बसला तरी हरवतो. लेन्सच्या डाव्या अंगाला एक बटण आहे. ते दाबून धरले की झूम थोडा मागे येतो, पक्षी सापडतो, आणि बोट उचलताच झूम होता तिथे परत जातो. या एका बटणाने मला जितके पक्षी मिळवून दिले तितके दुसऱ्या कशानेही नाही. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र हा कॅमेरा घेऊ नये. सेकंदाला सात या वेगाने दहा छायाचित्रे झाली की तो थांबतो आणि ती साठवून होईपर्यंत हातात नुसता धरून बसावे लागते. आरएक्स१० मार्क ४ सेकंदाला चोवीस काढतो आणि त्याचा फोकस फेज डिटेक्शनचा, म्हणजे हलत्या पक्ष्याचा वेगाने माग घेणारा, आहे. तेवढ्याच कारणासाठी सांगतो की कोणी मार्क ३ स्वस्तात देऊ केला तर लेन्स तीच आहे म्हणून भुलू नका. त्यात तो फोकस नाही.

उत्तर : जुनी फिल्म

आपण डीएसएलआर वजनासाठी सोडलात, आणि वरच्या दोन्ही उत्तरांत वजनाचा उल्लेखच नाही. आरएक्स१० मार्क ४ चे वजन १०९५ ग्रॅम आहे, पी९५० चे १००५, एफझेड१००० मार्क २ चे ८०८ आणि एसएक्स७० चे ६१० ग्रॅम. निकॉनचा पी१००० कोणी सुचवला, तर त्याचे १४१५ ग्रॅमही लक्षात असू द्यावेत. पिशवीच्या तुलनेत हे सगळे हलके वाटतील. परंतु पिशवी आपण खांद्यावर वाहत होतात आणि हा कॅमेरा डोळ्यापर्यंत उचलून धरायचा आहे. त्या दोन क्रिया खांद्याला वेगवेगळ्या जाणवतात. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली आडवी धरून, पक्ष्याची वाट पाहत असल्यासारखी डोळ्यासमोर पाच मिनिटे ठेवून पाहा. पहिले दोन कॅमेरे साधारण तेवढ्या वजनाचे आहेत.

दुसरी गोष्ट धुळीची. लेन्स निघत नाही म्हणून धूळ शिरत नाही, असा समज मी करून घेतला होता. झूम बाहेर-आत होताना लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर धूळही येते. मी जुना विकत घेतलेल्या १ इंची कॅमेऱ्यात निळ्या आभाळावर एक करडा ठिपका दिसू लागला. डीएसएलआरचा सेन्सर मी घरी हवा मारून साफ करत असे. इथे पूर्ण लेन्स उलगडावी लागली, आणि कॅमेरा सात आठवडे दुरुस्तीत राहिला. म्हणून वापरलेला कॅमेरा घेताना ॲपर्चर शक्य तितके लहान करा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि कोऱ्या आभाळाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र झूमच्या दोन्ही टोकांना काढून पडद्यावर मोठे करून तपासा. नंतर विटांच्या भिंतीसमोर सरळ उभे राहून एक छायाचित्र काढा आणि चारही कोपरे ताडून पाहा. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ असेल, तर तो कॅमेरा कधीतरी पडलेला असण्याची शक्यता आहे.

बॅटऱ्या दोन ठेवाव्यात. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायचा छोटा पडदा) सतत वीज खातो. डीएसएलआरची सवय असलेल्याला तीनशे-चारशे छायाचित्रांत संपणारी बॅटरी पहिल्या दिवशी दगा देते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : पानगळ

आपणा तिघांचे मनापासून आभार. उत्तरे वाचल्यावर मी जुन्या छायाचित्रांचे फोकल अंतर तपासले. पक्ष्यांची जवळजवळ सगळी ३०० मिमीलाच काढलेली होती आणि त्यातली बरीच मी नंतर कापलेलीही होती; आयएसओ मात्र बहुतेक वेळा ८०० ते ३२०० च्या मध्ये होता. म्हणजे पोहोच मला कमी पडत होती हे खरे, पण प्रकाश त्याहून अधिक कमी पडत होता. पूर्ण झूमवर पी९५० आरएक्स१० इतकाच प्रकाश घेत असला, तरी पहाटेच्या आयएसओला त्यात पिसांचा लगदा होतो असे सायंप्रकाश यांनी सांगितले, आणि या एका गोष्टीमुळे तो मागे पडला. माझी पक्षी पाहायची वेळ दुपारची असती, तर मी तोच घेतला असता.

बाटलीचा प्रयोगही केला. उजवे कोपर मोकळे असताना तिसऱ्या मिनिटाला दुखू लागले. कोपर छातीला टेकवून, डावा हात बाटलीखाली घेतला तेव्हा सहा मिनिटे त्रास झाला नाही. बाटली तिरप्या पट्ट्याने कमरेशी लटकवून तासभर चाललेही. तेव्हा आरएक्स१० मार्क ४ घ्यावा आणि बसून वाट पाहताना त्याला मोनोपॉडचा (एकपायी दांड्याचा) आधार द्यावा, असे मनात आहे. ४०० मिमीने भागले असते, तर एफझेड१००० मार्क २ चे तीनशे ग्रॅम वाचले असते. पण जुन्या लेन्सच्या ३०० मिमीने, म्हणजे सममूल्य ४५० नेच, जिथे भागत नव्हते तिथे ते जमेल असे वाटत नाही. आता एकच शंका उरली आहे. घरातले ते तीन स्टॉप कशाने भरून काढावेत?

उत्तर : दुर्बीण

मोनोपॉड घ्याच, आणि त्याची उंची व्ह्यूफाइंडर डोळ्याशी येईल इतकी ठेवा, म्हणजे मान झुकवावी लागणार नाही.

घरासाठी छोटा बाहेरचा फ्लॅश घ्या. आरएक्स१० वर तो बसवण्याची जागा आहे. आपल्या यादीतल्या एसएक्स७० वर ती नाही. फ्लॅशचे तोंड मुलांकडे न धरता पांढऱ्या छताकडे वळवा. छतावरून परतणारा प्रकाश मऊ पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या येत नाहीत. आपल्या डीएसएलआरमध्ये फ्लॅशसह शटरवेग १/२०० च्या आसपास अडत असेल; आरएक्स१० चे शटर लेन्समध्येच असल्यामुळे तो त्याहून बराच वर नेता येतो. सुरुवातीला मॅन्युअलवर एफ/४, १/२५० आणि आयएसओ ४०० ठेवून पाहा, मग खोलीच्या उंचीनुसार फ्लॅशची ताकद कमीजास्त करा. छत रंगीत असेल तर पांढऱ्या भिंतीवर उसळवा, नाहीतर चेहऱ्यांवर छताचाच रंग चढतो.