मदत हवी आहे: घर मर्सर काउंटीत की मिडलसेक्समध्ये? एमएसए आणि एच-वन-बी अमेंडमेंट (न्यू जर्सी)

पाणपोई

नमस्कार मंडळी,

शुक्रवारपर्यंत घराच्या लीजवर सही करायची आहे आणि एका प्रश्नावर अडून बसले आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लवकर लिहा.

मी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. ऑफिस इसेलिनला, मेट्रोपार्क स्टेशनला लागून. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. सध्या एडिसनला भाड्याने राहतो. मुलगी सप्टेंबरमध्ये पहिलीत जाईल, म्हणून वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळांसाठी तिकडे घर बघतोय. दोन घरं पसंत पडली. दोन्ही रूट वनच्या आसपास, मधे मिलस्टोन नदी. एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. शाळांचा डिस्ट्रिक्ट एकच. दोन्ही जाहिरातींत पत्ता ‘प्रिन्स्टन, एनजे ०८५४०’. ब्रोकर म्हणतो दोन्ही प्रिन्स्टनच.

एचआरला विचारलं तर उत्तर आलं, ‘राज्य बदलत नाही ना? मग काही करावं लागत नाही.’ पण ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की अमेंडमेंट (व्हिसाच्या अर्जात करायचा बदल) राज्यावरून ठरत नाही, एमएसएवरून (सरकारने ठरवलेलं महानगर क्षेत्र, काउंट्यांचा गट) ठरते, आणि मर्सर काउंटी आपल्या एमएसएमध्ये येत नाही. दुसरा एक जण म्हणतो ५० मैलांच्या आत काही लागत नाही. तिघांची तीन उत्तरं.

रात्री नकाशा उघडून बसले तर अजूनच गोंधळले. ओशन काउंटी, म्हणजे पार टॉम्स रिव्हर आणि समुद्रकिनारा, न्यूयॉर्कच्या एमएसएमध्ये. आणि मेट्रोपार्कहून गाडीने अर्ध्या तासावरचं प्रिन्स्टन जंक्शन मात्र वेगळ्या एमएसएमध्ये! हे कुठल्या हिशोबाने? कोण ठरवतं? आणि माझ्या दोन घरांपैकी कुठलं कुठे, हे खात्रीने कसं कळेल?

मागच्या कंपनीत पत्त्यातल्या एका चुकीमुळे माझ्या एक्स्टेंशनला आरएफई (जादा पुराव्यांची मागणी) आली होती. ते चार महिने आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. पुन्हा ते नको.

नकाशावेडा

पाणपोई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण शुक्रवार जवळ आहे.

झिप कोडवर अजिबात जाऊ नका. ०८५४० हा पोस्टाचा आकडा आहे, टपाल वाटायच्या सोयीचा. तो मर्सर, मिडलसेक्स आणि सॉमरसेट अशा तीन काउंट्यांत पसरलेला आहे. ‘प्रिन्स्टन’ असं पत्त्यात लिहिलेली कितीतरी घरं प्लेन्सबरोत किंवा वेस्ट विंडसरमध्ये आहेत. तुम्हाला बघायचंय ते टाउनशिपचं नाव. प्लेन्सबरो असेल तर मिडलसेक्स काउंटी, वेस्ट विंडसर असेल तर मर्सर. मिलस्टोन नदी हीच तिथली काउंटीची हद्द आहे. घरमालकाकडे प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मागा, त्यावर टाउनशिप छापलेली असते. किंवा सेन्सस ब्यूरोचा जिओकोडर आहे, त्यात घर नंबर आणि रस्ता टाकला की काउंटी येते. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम.

आता एमएसए कोण ठरवतं ते. वॉशिंग्टनमधलं ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट ही यादी काढतं. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर मोठी उजळणी होते. २००३, २०१३ आणि आता जुलै २०२३ ची यादी. राज्य सरकारचा यात हात नाही, आणि राज्याची हद्दही आड येत नाही.

हिशोब असा. आधी एक शहरी वस्ती धरायची, किमान ५०,००० लोकसंख्येची. ती ज्या काउंटीत किंवा काउंट्यांत बसते त्या मध्यवर्ती काउंट्या. मग शेजारच्या प्रत्येक काउंटीला विचारायचं: तुझ्याकडच्या नोकरदारांपैकी किमान २५ टक्के या मध्यवर्ती काउंट्यांत कामाला जातात का? किंवा उलट, तुझ्याकडच्या नोकऱ्यांपैकी किमान २५ टक्के तिथून येणाऱ्या लोकांकडे आहेत का? एकाचं उत्तर हो आलं की ती काउंटी अख्खी आत. काउंटीचे तुकडे पाडत नाहीत. म्हणून एखाद्या काउंटीचं एक टोक शहराला चिकटलेलं असलं आणि दुसऱ्या टोकाला नुसती शेतं असली, तरी सगळी काउंटी त्याच नावाखाली येते.

कर्जतहून रोज पहाटेची लोकल पकडणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. राहतो रायगड जिल्ह्यात, पण दिवस मुंबईत जातो. असे किती, एवढंच मोजतात. आकडे येतात अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेमधून. त्यात सरळ प्रश्न असतो की मागच्या आठवड्यात ही व्यक्ती कुठल्या ठिकाणी कामाला होती. मैल कोणी मोजत नाही.

न्यू जर्सीचं विशेष म्हणजे २१ च्या २१ काउंट्या कुठल्या ना कुठल्या एमएसएमध्ये आहेत, एकही बाहेर उरलेली नाही. न्यूयॉर्क-न्यूअर्क-जर्सी सिटीमध्ये १२: बर्गन, हडसन, पसेइक, एसेक्स, युनियन, मॉरिस, ससेक्स, हंटर्डन, सॉमरसेट, मिडलसेक्स, मॉनमथ, ओशन. फिलाडेल्फियाकडे चार: बर्लिंग्टन, कॅम्डेन, ग्लॉस्टर, सेलम. वॉरन काउंटी पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन-बेथलेहेम-ईस्टनबरोबर जाते, कारण फिलिप्सबर्गच्या लोकांना पूल ओलांडला की ईस्टन. कंबरलंड म्हणजे व्हाइनलँडचं स्वतंत्र क्षेत्र. अटलांटिक आणि केप मे या काउंट्या अटलांटिक सिटीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात. आणि मर्सर एकटी, ट्रेंटन-प्रिन्स्टन या नावाने.

मर्सर एकटी का, हाच तुमचा खरा प्रश्न. ट्रेंटन हे राज्याच्या राजधानीचं शहर, शिवाय विद्यापीठ, त्याभोवतालच्या औषध कंपन्या आणि ऑफिसं. म्हणजे काउंटीकडे स्वतःची शहरी वस्तीही आहे आणि स्वतःच्या नोकऱ्याही. बाहेर जाणारे आहेत, पण काही उत्तरेला जातात, काही डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात. एकाच बाजूला २५ टक्क्यांचा लोंढा नाही. ट्रेंटन स्टेशनवर उभं राहिलात तर हे डोळ्यांना दिसतं: एका बाजूला न्यूयॉर्कची एनजे ट्रान्झिट, दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाची सेप्टा. ओशन काउंटी लांब असली तरी तिथले लोक मॉनमथ-मिडलसेक्सकडे आणि वर उत्तरेला कामाला येतात, म्हणून ती आत.

सायलीफूल

माझ्याकडे कायद्याची बाजू आहे, मी वकील नाही पण गेली सहा वर्षं एका फर्ममध्ये पॅरालीगल म्हणून हेच करते.

पाणपोई, तुमच्या एचआरचं म्हणणं चूक आहे. ५० मैलवाल्यांचंही. एप्रिल २०१५ मध्ये ‘सिमियो सोल्युशन्स’ हा निकाल आला. त्यानुसार कामाची जागा एलसीएमध्ये (कामाची जागा आणि पगार सांगणारं, कंपनीने कामगार खात्याला दिलेलं निवेदन) लिहिलेल्या क्षेत्राबाहेर गेली की आधी नवी एलसीए आणि अमेंडेड पिटिशन. जानेवारी २०२५ पासून हे नियमातच घातलं आहे. क्षेत्र म्हणजे काय? नियमाचे शब्द आहेत ‘रोज जाण्या-येण्याचं नेहमीचं अंतर’. त्याला मैलांची मर्यादा लिहिलेली नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: दोन्ही जागा एकाच एमएसएत असतील तर त्या जाण्या-येण्याच्या अंतरातच धरायच्या. म्हणून इसेलिनहून लाँग आयलंडच्या टोकाला माँटॉकला काम हलवलं तरी क्षेत्र तेच राहतं, जरी ते मॅनहॅटनपासूनच शंभर मैलांहून लांब असलं तरी. एडिसनहून मॅनहॅटन, राज्य बदललं, क्षेत्र नाही. (पगारावरचा कर वगैरे वेगळा विषय.)

आता बारकावा. त्याच नियमात पुढे असंही आहे की एमएसएची हद्द ही शेवटची रेघ नाही. हद्दीच्या जरा बाहेरची जागासुद्धा जाण्या-येण्याच्या अंतरात असू शकते. म्हणजे वेस्ट विंडसरच्या घराबद्दल ‘हे इसेलिनहून रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे’ असा युक्तिवाद करता येतो. पण तो युक्तिवाद आहे. उद्या साइट व्हिजिटला अधिकारी आला किंवा एक्स्टेंशनमध्ये कोणी विचारलं, तर सिद्ध करायचं काम कंपनीचं. आमच्याकडचे वकील अशा वेळी अमेंडमेंट फाइल करून मोकळे होतात, आणि तुमचा आरएफईचा अनुभव वाचून मीही तेच सांगेन.

आणि हे नीट वाचा: तुम्ही राहता कुठे याने अमेंडमेंट ठरत नाही. तुम्ही काम कुठून करता त्याने ठरते. आठवड्याचे दोन दिवस घरून काम म्हणजे घर हीसुद्धा कामाची जागा. (घर कुठेही घेतलं तरी पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ (पत्ता बदलल्याचा फॉर्म) भरा, ते वेगळं.)

प्लेन्सबरोचं घर घेतलंत तर नवी पिटिशन नाही, पण एलसीएची नोटीस त्या घरात दोन ठिकाणी दहा दिवस लावावी लागेल, तिथून काम सुरू करायच्या आधी किंवा त्याच दिवशी. हे बरेच जण विसरतात.

जुना जर्सीकर

मी १९९७ साली आलो. तेव्हाचं सांगतो, कारण त्याने आजच्या नियमाची भाषा समजेल.

त्या वेळी हे सगळं इतकं एकत्र नव्हतं. एडिसन ‘मिडलसेक्स-सॉमरसेट-हंटर्डन’ या क्षेत्रात. जर्सी सिटी वेगळं, न्यूअर्क वेगळं, बर्गन-पसेइक वेगळं, मॉनमथ-ओशन वेगळं. त्यांना पीएमएसए म्हणत, आणि सगळ्यांवर न्यूयॉर्कची मोठी छत्री, सीएमएसए. माझं क्लायंटचं काम इसेलिनहून जर्सी सिटीला हललं तेव्हा कंपनीने नवी एलसीए काढली होती, मला स्पष्ट आठवतंय. २००३ च्या यादीत ही सगळी नावं मोडली आणि न्यूयॉर्कचं एकच मोठं एमएसए झालं. आतमध्ये अजून डिव्हिजन आहेत, मिडलसेक्स आज ‘लेकवुड-न्यू ब्रन्सविक’ डिव्हिजनमध्ये दिसेल. ते पोटविभाग आहेत, पाणपोईताई, त्याने गोंधळू नका.

नियमात अजून जुने शब्द आहेत, आणि त्यात असंही म्हटलंय की मोठ्या छत्रीखाली आहे म्हणून आपोआप जाण्या-येण्याचं अंतर धरायचं नाही. ट्रेंटन अनेक वर्षं न्यूयॉर्कच्या मोठ्या सीएसएत (शेजारच्या एमएसएंचा एकत्र गट, आजची छत्री) धरलं गेलं आहे. कोणीतरी तो नकाशा दाखवून ‘हे बघा, मर्सर न्यूयॉर्कमध्येच आहे’ असं सांगेल. त्या छत्रीचा आधार घेऊ नका. सीएसएला १५ टक्क्यांची देवाणघेवाण पुरते, ते फार सैल नातं आहे.

मीठभाकर

कनेटिकटमधून. आमच्याकडे तर काउंट्याच बदलल्या! २०२२ पासून सेन्ससने आठ काउंट्यांऐवजी नऊ प्लॅनिंग रीजन धरले आहेत. काउंटी सरकार तर इथे १९६० मध्येच बंद झालं होतं. त्यामुळे इथल्या कोणी जुन्या नकाशावरून एमएसए बघितलं असेल तर पुन्हा तपासा. पाणपोई, तुम्हीही २०२३ चीच यादी बघताय ना? पेनसिल्व्हेनियातली पाइक काउंटी २०२३ च्या यादीत न्यूयॉर्कमधून निघाली, जुन्या पानांवर ती अजून दिसते.

पाणपोई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. सायलीफूल, तुमचं ‘राहता कुठे नाही, काम कुठून करता’ हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं.

जिओकोडरमध्ये दोन्ही पत्ते टाकले. झिप एकच, गावाचं नाव एकच, आणि खाली एकात मिडलसेक्स, दुसऱ्यात मर्सर. बघून अंगावर काटा आला. आम्हाला जास्त आवडलेलं, स्टेशनच्या जवळचं घर मर्सरमध्ये निघालं.

आता एकच शंका. मर्सरचं घर घेतलं तर अमेंडमेंट मंजूर होईपर्यंत थांबायचं का?

सायलीफूल

नाही. पिटिशन दाखल झाली की नव्या जागेतून काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पण दाखल होण्याच्या आधी एकही दिवस नको. एलसीएलाच साधारण सात कामाचे दिवस जातात, तेवढे धरून चाला. त्यात पगार ट्रेंटन-प्रिन्स्टनच्या तक्त्याप्रमाणेही बसायला हवा. कामगार खात्याच्या पगार-तक्त्यांच्या संकेतस्थळावर राज्य आणि मग काउंटी निवडा, दोन्ही क्षेत्रांचे आकडे कागदावर शेजारी लिहा. तोपर्यंत ऑफिसात जा.

नकाशावेडा

आणि एचआरला फोनवर नाही, ईमेलवर विचारा. घराचा पूर्ण पत्ता, टाउनशिप, काउंटी, एमएसएचं नाव, सगळं तुम्हीच लिहून द्या.

पाणपोई

(अपडेट, कोणाला पुढे उपयोग होईल म्हणून.)

ईमेल केली, काउंटीच्या नावासकट. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या वकिलांचा फोन आला. त्यांनी सायलीफूल म्हणाल्या तेच सांगितलं: युक्तिवाद करता येईल, पण आपण फाइल करू. लीजवर वेस्ट विंडसरच्या घरासाठी सही केली. पिटिशन दाखल होईपर्यंत तीन आठवडे मी पाचही दिवस मेट्रोपार्कला गेले, जंक्शनवरून सकाळची गाडी.

नोटीस दोन ठिकाणी लावली होती, एक फ्रिजवर आणि एक जिन्याच्या दाराला. वर पदाचं नाव, पगाराचा आकडा, खाली ‘मर्सर काउंटी’. लावल्याची आणि काढल्याची तारीख वहीत लिहून ठेवली आहे, आणि दोन्हींचे फोटोही.