आयर्लंड १९१२-१४: ब्रिटिशांच्या नाकाखाली खाजगी फौजा चालल्या कशा?

रात्रपाळी: मंडळी, पहिल्या महायुद्धाआधीचं आयर्लंड वाचतोय आणि डोकं गरगरतंय. उत्तरेत अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स (यूव्हीएफ), बाकी देशात आयरिश व्हॉलंटियर्स, वर डब्लिनात कामगारांची सिटिझन आर्मी, सगळे उघड उघड कवायती करतायत आणि राज्य कोणाचं तर ब्रिटिशांचं! आपल्याकडे जॅक्सन प्रकरणात विलायतेहून पिस्तुलं पाठवली म्हणून सावरकर १९११ ला अंदमानात. तिथे कोणीच कसं अडवलं नाही? आणि नंतरची आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) यातली कुठली?

जुना_पेपरवाला: कायद्यातच पळवाट होती ना. दोन स्थानिक मानद मॅजिस्ट्रेटनी सही दिली की कवायत कायदेशीर, आणि अल्स्टरमधले मॅजिस्ट्रेट बहुतेक युनियनिस्ट (ब्रिटनशी जोडूनच राहू म्हणणारे), म्हणजे घरचंच कार्य. होमरूल (ब्रिटिश राज्यातच आयर्लंडला स्वतःची संसद) नको म्हणून सप्टेंबर १९१२ मध्ये त्यांचा नेता कार्सनच्या पाठोपाठ २ लाखांवर पुरुषांनी करारावर सह्या केल्या, जानेवारी १९१३ ला फौज उभी राहिली, शिकवायला निवृत्त ब्रिटिश अधिकारी, आणि लंडनात विरोधी पक्षनेता बोनर लॉ उघड पाठीशी. मग मार्च १९१४ मध्ये कर्राच्या छावणीत ब्रिगेडियर गफ आणि ५० वर अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं, अल्स्टरवर चालून जा म्हणाल तर नोकरी सोडतो. सरकारने तिथेच हाय खाल्ली. महिन्याभरात लार्न आणि आसपासच्या बंदरांत जर्मनीहून आणलेल्या सुमारे २५ हजार रायफली एका रात्रीत उतरल्या आणि मोटारींतून गावोगाव पोचल्यासुद्धा.

साधा_वाचक: "कोणीच अडवलं नाही" हे अर्धंच खरं. जुलैत होमरूल हवं म्हणणाऱ्या आयरिश व्हॉलंटियर्सनी डब्लिनजवळ हाऊथला एर्स्किन चिल्डर्सच्या यॉटमधून ९०० जुनाट माउझर भरदिवसा उतरवल्या तर लगेच पोलिस आणि सैन्य हजर! रायफली फारशा हाती लागल्याच नाहीत, पण परत जाताना बॅचलर्स वॉकवर डिवचणाऱ्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. लार्नला डोळेझाक आणि इथे गोळीबार, लोक खवळणारच. माझ्या मते १९१६ च्या उठावाचं बी इथेच पडलं.

रात्रपाळी: ओके, हे डोक्यात बसलं. आणि आयआरए?

लाल_डबा: महायुद्ध लागलं आणि होमरूलवाल्यांचा नेता रेडमंड म्हणाला ब्रिटिश सैन्यात जा, तिथे आयरिश व्हॉलंटियर्स फुटले. दीड लाखाच्या वर लोक त्याच्यासोबत, व्हॉलंटियर्सचा प्रमुख मॅकनील याच्याकडे उरले दहा-बारा हजार. त्यातल्याच लोकांनी सिटिझन आर्मीला घेऊन १९१६ चा ईस्टर उठाव केला, तोही मॅकनीलने ऐनवेळी रद्दचा हुकूम काढलेला असताना (हा गोंधळ वेगळ्या धाग्याचा विषय). १९१९ पासून याच संघटनेला आयआरए म्हणायला लागले. १९२२ मध्ये ब्रिटिशांशी झालेल्या तहावरून फूट आणि यादवी, १९६९ मध्ये परत फूट, ऑफिशियल आणि प्रोव्हिजनल. बातम्यांत बॉम्बस्फोटांसाठी गाजली ती मुख्यतः प्रोव्हिजनल, शस्त्रं टाकली २००५ ला. प्रत्येक गट म्हणतो खरे वारस आम्हीच, त्यामुळे कुठेही आयआरए दिसलं की आधी साल बघायचं. यूव्हीएफचंही तेच, १९६६ ची यूव्हीएफ जुनं नाव उचलून काढलेली नवी टोळी.

जुना_पेपरवाला: जुन्या यूव्हीएफचं सांगायचं राहिलं. त्यातले बरेच जण ब्रिटिश सैन्याच्या ३६व्या डिव्हिजनमधून फ्रान्समध्ये सोमच्या लढाईला गेले, जुलै १९१६ च्या पहिल्या दोन दिवसांत डिव्हिजनचे ५ हजारांवर मेले-जखमी-बेपत्ता. उरलेल्यांतले कितीतरी १९२० ला अल्स्टर स्पेशल कॉन्स्टॅब्युलरीत (सरकारच्या राखीव पोलिस दलात) भरती झाले. म्हणजे अडवणं राहिलं बाजूला, सरकारी बंदूक मिळाली, आणि 'ए' वर्गात असाल तर पूर्ण पगार!