'अकेदिया'ला मराठीत काय म्हणाल? आळस, औदासीन्य की आणखी काही?

तलावपाळीकर: ठाण्यातल्या पॅरिशसाठी (चर्चच्या स्थानिक समुदायासाठी) उपवासकाळाचं, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंटचं, चार पानी पत्रक मराठीत करायचं आहे. विषय प्रार्थनेतल्या अडचणींचा. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात त्या तीन वेगळ्या परिच्छेदांत येतात: डिस्ट्रॅक्शन (मन भटकणं, २७२९), ड्रायनेस (गोडी न लागणं, २७३१) आणि अकेदिया (प्रार्थनेबद्दलची आस्थाच आटणं, २७३३). जुन्या पत्रकात तिन्हींना सरसकट 'उदासीनता' लिहिलंय. मला ते खटकतं, पण पर्याय सुचत नाही.

शब्दपारखी: खटकायलाच हवं. उदासीन म्हणजे उद् + आसीन, अलिप्त बसलेला. गीतेच्या १२व्या अध्यायात 'उदासीनो गतव्यथः' हे प्रिय भक्ताचं लक्षण म्हणून आलंय. बोलीत 'उदास'शी गल्लत होऊन अर्थ घसरला, तरी छापील मजकुरात कुणीतरी ती स्तुती समजून वाचेल.

खाडीकाठ: आधी तिन्ही गोष्टी वेगळ्या करा, शब्द मग सुचतील. एकाच शब्दात कोंबल्या की तिन्हींवर एकच उपाय सांगितला जातो आणि तो निदान दोन ठिकाणी चुकतो.

डिस्ट्रॅक्शन म्हणजे मन भरकटणं. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) चालू आहे, तिसऱ्या टप्प्याचा (दहा मण्यांच्या गटाचा) सहावा मणी बोटात आहे, 'पुढील स्टेशन रबाळे' ऐकू येतं आणि मन थेट ऑफिसातल्या मेलवर. इथे बहुतेकांची चूक होते ती टप्पा पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरू करण्याची. मग तोही भरकटतो, तिसऱ्यांदा सुरू होतो, आणि महिन्याभरात माणूस माळच खिशातून काढत नाही. २७२९चं म्हणणं नेमकं हेच: विचारांचा पाठलाग करत बसणं म्हणजे त्यांच्याच सापळ्यात सापडणं. बोटात जो मणी आहे तिथूनच पुढे म्हणायचं. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसनेही सांगून ठेवलंय की आरंभीचा हेतू खरा असेल तर नकळत भटकलेल्या मनाने प्रार्थनेचं पुण्य जात नाही. मुद्दाम भटकणं मात्र वेगळं.

शब्दपारखी: मग त्याला सरळ 'मन भरकटणं' म्हणा, फार तर 'विक्षेप'. 'व्यत्यय' नको, तो बाहेरून येतो. शेजारच्याचा फोन वाजला तो व्यत्यय, त्यावरून मन घरच्या बिलांवर गेलं तो विक्षेप.

ऐरोलीकर: अकेदियासाठी योगसूत्रातला 'स्त्यान' कसा वाटतो? १.३० मध्ये नऊ अंतराय (साधनेतले अडथळे) दिलेत. त्यात स्त्यान आणि आलस्य वेगवेगळे आहेत. स्त्यान ही चित्ताची जडता.

खाडीकाठ: भेद सुरेख आहे, पण रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) पत्रक हातात घेणाऱ्याला 'स्त्यान' परग्रहावरचा वाटेल. शिवाय अकेदिया निव्वळ जडता नाही. ग्रीकमध्ये अ + केदोस, म्हणजे आस्था नसणं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस या संन्याशाने त्याला दुपारचा सैतान म्हटलं. हे बायबलमधल्या ९१व्या स्तोत्रावरून. तिथे मूळ हिब्रूत भरदुपारी नाश करणारी आपत्ती आहे, ग्रीक भाषांतरात तिचा सैतान झाला. तो येतो सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास. सूर्य हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, जेवायची वेळ किती लांब आहे हे बघायला संन्यासी सारखा खिडकीपाशी जातो. (तेव्हा खिडकी, आता मोबाइल.)

त्याच परंपरेतला लेखक कॅसियन पुढे सांगतो की असा माणूस आजाऱ्यांना भेटायलाही उत्साहाने बाहेर पडतो. म्हणून 'आळस' बाद. अकेदियाचा माणूस दिवसभर प्रचंड कामात असू शकतो, फक्त जिथे बसायचं तिथेच बसत नाही.

बेलापूरकर: 'वीट'! प्रार्थनेचा वीट येणं. जे एकेकाळी गोड लागत होतं त्याचाच वीट येतो, नावडत्या गोष्टीचा येत नाही. बायबलच्या गणना या पुस्तकात (अध्याय २१) इस्राएल लोकांना मान्न्याचं, म्हणजे वाळवंटात देवाने दिलेल्या अन्नाचं, असंच झालं. पोट भरत होतं, पण नकोसं झालं होतं.

शब्दपारखी: मान्य. 'कंटाळा' पाऊस थांबला की जातो, 'वीट' जात नाही. आणि क्रियापद 'येणं' असल्याने सगळा दोष माणसावर पडत नाही.

खाडीकाठ: इथे थोडं थांबा. धर्मशिक्षणग्रंथ त्याचं मूळ सुटलेल्या शिस्तीत आणि हृदयाच्या निष्काळजीपणात दाखवतो, तेव्हा माणूस अगदीच निर्दोष नाही. तरी 'वीट' चालेल. ड्रायनेससाठी 'कोरडेपणा' घ्या. 'शुष्कता' म्हटलं की त्वचेचं क्रीम आठवतं.

तलावपाळीकर: पण कोरडेपणा आणि वीट ओळखायचे कसे? वाचणारा हेच विचारणार.

खाडीकाठ: क्रूसभक्त योहान (जॉन ऑफ द क्रॉस) या स्पॅनिश संताची खूण द्या. कोरड्या माणसाला देवाच्या गोष्टीत गोडी लागत नाही, तशी इतर कशातही लागत नाही, आणि आपण मागे पडतोय याची त्याला काळजी असते. वीट आलेल्याला ती काळजीच नसते, आणि गोडी दुसरीकडे सापडते.

उपाय जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसकडून घ्या. मन ओसाड असताना आधी ठरवलेला नेम बदलायचा नाही. प्रार्थना कमी करावीशी वाटली तर ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. पत्रकात आकडा घाला: पंधरा मिनिटं ठरली असतील तर सोळा, तीस नव्हेत. तीस केली की तिसऱ्या दिवशी शून्य होतात.

बेलापूरकर: असं टिकून राहण्याला (पर्सिव्हिअरन्स) 'चिकाटी' लिहू नका, स्पर्धा परीक्षेचा क्लास वाटतो. तुम्ही वर वापरलात तोच 'नेम' पुरे.

तलावपाळीकर: भरकटणं, कोरडेपणा, वीट, नेम. ठरलं. मूळ शब्द कंसात एकदा द्यायचाय. अकेदिया की अचेदिया?

शब्दपारखी: पहिला ग्रीक, दुसरा चर्चच्या लॅटिनमधला. व्युत्पत्ती ग्रीक देताय ना, मग अकेदिया. 'द' ठेवा. 'अकेडिया' लिहिलंत तर लोक अकॅडमी वाचतील.