मदत हवी आहे: पीआरवर कॅनडाला, एकेरी तिकिटावर

नमस्कार मंडळी. नवरा, मी आणि शाळकरी लेक, आम्ही पीआरवर, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवानगीवर, पहिल्यांदाच कॅनडाला निघतोय. मुंबईहून दिल्ली, तिथून टोरोंटो. तिकीट अर्थातच एकेरी. आमचे एजंट म्हणतात, चेक-इनला अडवतील, परतीचं डमी बुकिंग जवळ ठेवा. मला हे अजिबात पटत नाही. पासपोर्टवर व्हिसा आहे, सीओपीआर, म्हणजे त्या रहिवासाचं पुष्टीपत्र, हातात आहे. कायमचं राहायला जाणाऱ्याला परतीचं तिकीट कशाला? अलीकडे कुणाला काउंटरवर विचारलंय का?

खरी काळजी दागिन्यांची. मंगळसूत्र, ठुशी आणि सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या सोबत आहेत. कस्टम्सला द्यायच्या यादीत एकेका दागिन्याचं वर्णन, किंमत आणि शक्यतो फोटो हवेत, एवढं कळलंय. पण पाटल्या जुन्या, पावती कुठून आणणार? सराफाकडून इंग्रजीत मूल्यांकनाचा दाखला घेतला तर चालतो का? मागाहून येणाऱ्या सामानाची यादीही तिथे उतरतानाच द्यायची आहे, त्यात भांडी-पुस्तकं किती बारकाईने लिहिलीत?

१०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम, ड्राफ्टसकट, जाहीर करायची असते. ते करणारच आहोत.

सीओपीआरची मुदत वाढवून मिळत नाही, त्यामुळे प्रवास पुढे ढकलणं शक्य नाही. नुकतेच गेलेल्यांनी कृपया लवकर सांगा.