मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्डवर ताण आला की डेस्कटॉप एकदम बंद, दोष एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) की कार्डाचा?

निळा स्क्रीन नाही, एरर नाही. पंखे, दिवे एका क्षणात ठप्प. लगेच पॉवर बटण दाबलं तर काहीच होत नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबलं की मगच सुरू होतो. मला हीच खूण सगळ्यात महत्त्वाची वाटते: एसएमपीएसचं संरक्षण ट्रिप होऊन अडकून राहतंय.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींमध्ये) कर्नल-पॉवर ४१ (अचानक बंद पडल्याची नोंद), बगचेक कोड ० (क्रॅशचा कोड नाही), म्हणजे विंडोजला कळायच्या आत वीज गेली. प्रोसेसर ७२ अंशांच्या वर जात नाही. मेमटेस्टच्या (रॅमच्या चाचणीच्या) चार फेऱ्या निर्दोष. केसच्या बटणाची वायर काढून, मदरबोर्डच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवून सुरू केला तरी तेच. म्हणजे बटण अडकलेलं नाही. यूपीएस वगळूनही फरक नाही.

एसएमपीएसच्या पिवळ्या (१२ व्होल्ट) आणि काळ्या (ग्राउंड) वायरमध्ये मल्टिमीटर लावला: नुसता चालू असताना १२.०८ व्होल्ट. फक्त प्रोसेसरवर ताण दिला तर ११.९५, आणि तासभर नीट चालतो. ग्राफिक्स कार्डवर ताण दिला की ११.७ आणि दोन-तीन मिनिटांत बंद. मर्यादा ११.४ ते १२.६ आहे, त्यामुळे आकडा वाईट नाही. पण मिलिसेकंदांचे झटके मीटरला दिसतच नाहीत. शिवाय कार्डाचे दोन्ही ८ पिनी कनेक्टर एकाच केबलवर आहेत. एसएमपीएस ५५० वॅटचा, सहा वर्षं जुना.

आता दोन वेगळ्या केबल जोडून, कार्डाची पॉवर लिमिट (वीज वापराची कमाल मर्यादा) ७० टक्क्यांवर आणून बघणार आहे. त्यानंतर बंद पडणं थांबलं, तर दोष एसएमपीएसचाच धरावा का? की कार्डाच्या व्हीआरएममध्ये (चिपसाठी व्होल्टेज कमी करून देणाऱ्या भागात) बिघाड असला तरी असंच दिसेल? दुसरा एसएमपीएस न लावता हे वेगळं कसं करायचं, कृपया सांगा.