वाचनालयाच्या वेबसाइटसाठी सीएमएस कुठलं घ्यावं?

परळकरीण | मंगळवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. परळच्या एका सार्वजनिक वाचनालयाची मी सहकार्यवाह आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तिथेच असते. वेबसाइट नव्याने करायचं काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिलंय आणि पुढच्या रविवारच्या सभेत ती कुठल्या सीएमएसवर, म्हणजे मजकूर टाकायच्या प्रणालीवर, करायची ते मला सांगायचंय.

चाळीच्या तळमजल्यावर आमचे दोन गाळे, त्यात ३८,००० पुस्तकं. सभासद साडेसहाशे, पण त्यातले निम्म्याहून जास्त आता परळ-लालबागला राहत नाहीत. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उठले, माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. वर्गणी मात्र कुणी सोडली नाही. कामावरून सुटलं की वाचनालयात येऊन पुस्तक बदलायचं आणि मग गाडी पकडायची, असं वर्षानुवर्षं चाललंय. मागच्या महिन्यात बदलापूरचे एक काका एकाच कादंबरीसाठी तिसऱ्यांदा येऊन रिकाम्या हाताने गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पुस्तक बाहेर गेलंय हे मोबाइलवर दिसलं असतं, तर आज एक तास आधी घरी पोचलो असतो." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आमची जुनी साइट २०११ साली एका ओळखीच्या मुलाने फुकट करून दिली होती. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर. तो परदेशी गेला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि २०१९ मध्ये डोमेन हातचं गेलं. आता त्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती उघडतात. पावतीपुस्तकांवर तोच पत्ता छापलेला आहे, म्हणून प्रत्येक पावती फाडताना मी तो पेनाने खोडते.

तीन दरपत्रकं आली आहेत. पहिल्यांचं स्वतःचं सीएमएस आहे: ८५,००० रुपये आणि वर्षाला १८,००० देखभाल. दुसऱ्यांचं वर्डप्रेसवर, ३२,०००. तिसरे म्हणतात ड्रुपलच घ्या, संस्थेला तेच शोभतं, त्यांचे १,१०,०००. शिवाय कार्यकारिणीतल्या एकांचं म्हणणं की विक्ससारखी तयार सेवा घेऊन आपणच पानं मांडू.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. रोजची सूचना आमच्या ग्रंथपाल बाई टाकणार. गेली बावीस वर्षं त्या श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात, वेग बघण्यासारखा आहे. पण सहा ते साडेआठ काउंटरवर गर्दी असते आणि त्या एकट्या असतात. त्यांना जे जमेल तेच टिकेल असं मला वाटतं. सभेत हे कसं मांडू?

विक्रोळीचा कोडर | मंगळवार, रात्री ११.१५

ताई, तुमच्या साइटवर वर्षाला फार तर पन्नास सूचना येणार. त्यासाठी डेटाबेस हवाच कशाला? ह्यूगोसारख्या साधनाने साधी एचटीएमएल पानं तयार करून ठेवा. हॅक व्हायला आत काही नसतं, पान लोकलमध्ये अडखळत्या नेटवर्कवरही पटकन उघडतं आणि गिटहबच्या सर्व्हरवर ठेवलंत तर होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवण्याच्या जागेचा, खर्च शून्य. अडचण एकच. मजकूर मार्कडाउन नावाच्या खुणांच्या पद्धतीत लिहावा लागतो आणि फाइल चढवायला गिट हे प्रोग्रामरांचं साधन यावं लागतं. बाईंनाच टाकायचं असेल, तर माझं मत मीच मागे घेतो. मी दोन संस्थांना असं करून दिलं आणि दोन्हीकडे आजही सूचना मलाच चढवाव्या लागतात.

अर्धविराम | बुधवार, सकाळी ७.०५

परळकरीण ताई, मुलुंडच्या आमच्या वाचक मंडळाची साइट मी २०१० पासून सांभाळतोय. तुम्ही ज्याला वेगळी काळजी म्हणता, तोच खरा मुद्दा आहे. सीएमएस म्हणजे काय, तर ज्याला कोड येत नाही त्याला मजकूर टाकता यावा यासाठीची सोय. ती ज्या माणसासाठी आहे त्यालाच आधी तिथे बसवून बघायला हवं. तिन्ही दरपत्रकवाल्यांकडून डेमो लॉगिन मागा. बाईंना एक सूचना आणि एक फोटो द्या, शेजारी बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. किती मिनिटं लागतात, कुठे अडतात ते वहीत लिहा. सभेत ते पान वाचून दाखवलंत की वेगळं काही मांडावं लागणार नाही.

कंपनीच्या स्वतःच्या सीएमएसबद्दल एकच विचारा: उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमचा मजकूर कुठल्या स्वरूपात हातात द्याल? लेखी मागा. वर्डप्रेसमधून सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येतो, आणि उद्या हा डेव्हलपर गेला तर परळ ते पनवेल कुठेही दुसरा मिळतो. विक्समध्ये साइट त्यांच्याच घरात राहते, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. एकदा डोमेन गमावलेल्या संस्थेने असल्या घरात पुन्हा राहायला जाऊ नये.

ड्रुपल वाईट नाही. एकाच ठिकाणी पाच प्रकारचा मजकूर, दहा जणांना वेगवेगळे अधिकार, मराठी-इंग्रजी दोन्ही, असं असेल तर ते पक्कं काम आहे. पण ड्रुपल ७ हे ५ जानेवारी २०११ ला आलं आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. त्यावरून पुढच्या आवृत्तीत जाणं म्हणजे अद्ययावत करणं नव्हतं, जवळजवळ नव्याने बांधणं होतं. विद्यापीठाला ते परवडतं, वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला नाही. हे मी अनुभवाने सांगतो, कारण आम्ही २०१० मध्ये जूमला १.५ हे सीएमएस घेतलं होतं. त्याचा आधार २०१२ ला संपला, पुढच्या आवृत्तीत सरळ जाता येईना आणि मी दिवाळीची सगळी सुट्टी एकेक लेख हाताने उचलून ठेवण्यात घालवली. तेव्हा वर्डप्रेसवर आलो. २००३ पासून ते चालू आहे आणि जुनं सांभाळून पुढे जाण्याची त्यांची सवय आहे, म्हणून आजवर तशी वेळ पुन्हा आली नाही.

वर्डप्रेसमध्येही मराठीसाठी दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. दरपत्रकवाले हे सांगत नाहीत.

पहिली पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेस तो शीर्षकावरून आपोआप बनवतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी त्यात नऊ चिन्हांची जागा घेते आणि एकूण मर्यादा २०० चिन्हांची. आमचं शीर्षक होतं 'दिवाळी अंक योजनेची नोंदणी २०२३'. पत्ता बनला 'दिवाळी-अंक-योजनेची-नोंदण'. शेवटची वेलांटीसुद्धा मावली नाही, साल तर लांबच. २०२४ ला तसंच शीर्षक दिलं, तर पत्ताही तोच, शेवटी फक्त २ चिकटलेला. दोन्ही दुवे व्हॉट्सअॅपवर सारखेच दिसायचे. कित्येक सभासदांनी जुन्या पानावर जाऊन जुना दर भरला आणि प्रत्येकाला फोन करून फरक मागावा लागला. तेव्हापासून प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन अक्षरांत छोटासा पत्ता आम्ही हाताने लिहितो.

दुसरी थीमची, म्हणजे साइटच्या तयार रूपाची. इंग्रजीसाठी केलेल्या पुष्कळ थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते, 'वाचनालय' हे पाच तुकड्यांसारखं दिसतं. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. डेव्हलपरला सांगून ते अंतर शून्य करून घ्या आणि फॉन्ट 'मुक्त' लावा. आपल्या मुंबईच्याच एक टाइपने केलेला आहे, मोफत आहे आणि बारीक आकारातही जोडाक्षरं स्वच्छ वाचता येतात.

प्लगिन, म्हणजे जादा सोयींसाठी जोडायचे तुकडे, मोजके ठेवा. घुसखोरी होते ती बहुधा कुणी न बघितलेल्या जुन्या प्लगिनमधूनच. बॅकअप दर आठवड्याला आपोआप संस्थेच्या ड्राइव्हवर जाऊ द्या. होस्टिंगचा पहिल्या वर्षीचा दर पाहून अंदाजपत्रक करू नका, नूतनीकरणाचा विचारा. आमचा दुसऱ्या वर्षी दुपटीहून जास्त झाला होता.

दशमान | बुधवार, दुपारी ३.३०

मी ठाण्यात एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वरच्यांनी वेबसाइटचं छान सांगितलं, पण बदलापूरच्या काकांचा प्रश्न त्याने सुटत नाही. पुस्तक जागेवर आहे की बाहेर गेलंय, हे सीएमएसला कळायचा मार्गच नाही. ते देवघेव जिथे नोंदवली जाते तिथेच कळतं. ३८,००० पुस्तकांची यादी वर्डप्रेसमध्ये कोंबायला कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

त्यासाठी कोहा हे वाचनालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. मुक्त स्रोत, मोफत आणि युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, चालणारं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक वाचनालयांनी ते करून घेतलं आणि २००० सालच्या जानेवारीपासून वापरायला लागले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. बाईंनी पुस्तक दिल्याची नोंद त्यात केली की वाचकाला मोबाइलवर लगेच 'बाहेर' दिसतं. वेबसाइटवर फक्त 'पुस्तक शोधा' असं बटण द्यायचं. लिनक्स सर्व्हर लागतो, म्हणून त्याचा खर्च वेगळा धरा.

बारकोड लावायला वाचनालय बंद ठेवू नका. काउंटरवर जे पुस्तक परत येईल त्यालाच चिकटवत जा. सहा-आठ महिन्यांत फिरती पुस्तकं सगळी होतात. कपाटातली न हललेली मागाहून.

आणि श्रीलिपी. त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, रोमन चिन्हांवर मराठी आकार चढवलेले असतात. तसाच वेबवर टाकला तर अगम्य चिन्हं दिसतात आणि शोधात काहीच सापडत नाही. तो युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात, पण पहिली वेलांटी तपासा. श्रीलिपीत ती अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, म्हणून जोडाक्षरापाशी ती घसरते. रफाराचंही तेच. 'स्थिती', 'सूर्य', 'कोऱ्या' असले शब्द शोधून पाहा. बाईंना नवी कळरचना शिकायला लावू नका. टाइपरायटरची रचना युनिकोडमध्येही मिळते, बोटं तशीच चालतात.

परळकरीण | शनिवार, रात्री १०.२०

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. अर्धविराम, तुमचं ऐकून आज दुपारी वाचनालय उघडायच्या आधी बाईंना बसवलं. सूचना एकच: येत्या शनिवारचा कवितावाचनाचा कार्यक्रम आणि मोबाइलवर काढलेला एक फोटो.

कंपनीच्या सीएमएसमध्ये फोटो आधी ठरावीक मापात कापून मग चढवा असं आलं. बाई तिथेच थांबल्या, सतरा मिनिटांनी मीच बंद केलं. ड्रुपलच्या डेमोत सूचना गेली, पण ती मुखपृष्ठावर आणायला आणखी तीन ठिकाणी जावं लागलं, चोवीस मिनिटं. वर्डप्रेसचं आतलं सगळं मराठीत करून घेतलं होतं. 'प्रकाशित करा' हे शब्द दिसताच त्यांनी माझ्याकडे न बघता बटण दाबलं. नऊ मिनिटं. त्यातली तीन टाइपरायटरच्या रचनेत 'ज्ञ' कुठे आहे ते शोधण्यात गेली. पत्त्याची चौकट मी दाखवली, तर त्यांनी ती टेबलाच्या काचेखालच्या कागदावर लिहून ठेवली.

मग दुसरी सूचना त्यांनी न सांगता स्वतःहून टाकली: गुरुवारी वाचनालय बंद राहील.

दशमान, तुम्ही म्हणता ते कार्यवाहांना पटलंय. वेबसाइट आत्ता वर्डप्रेसवर, कोहासाठी पुढच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद मागते. बारकोडचा पहिला गठ्ठा माझ्या खर्चाने आणणार आहे, म्हणजे सोमवारपासून परत येणाऱ्या पुस्तकांना लावायला सुरुवात होईल. यादीतली पहिली चारशे नावं परिवर्तकातून काढली, त्यात एकतीस ठिकाणी वेलांटी घसरलेली सापडली. उरलेली रोज रात्री थोडी थोडी तपासते.

डोमेन या वेळी संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या खात्यातून पैसे भरून घेणार. तेवढं एक विचारायचं राहिलं: शेवटी नुसतं डॉट इन घ्यावं की डॉट ऑर्ग डॉट इन? पावतीपुस्तकं बुधवारी छापायला जायची आहेत.

अर्धविराम | शनिवार, रात्री १०.४५

दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवून ठेवा. पावतीवर डॉट इन छापा, फोनवर सांगायला सोपं पडतं. नूतनीकरणाची तारीख मात्र बाईंच्या काचेखालच्या त्याच कागदावर लिहून ठेवा.