दोन टू-डी इको, दोन निष्कर्ष: झटक्यानंतर महिन्याभराने गुठळी कशी दिसली?

माणदेशी
माझ्या वडिलांना (वय ६४, पंधरा वर्षांपासून मधुमेह) पाच आठवड्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला. छातीत जळजळते म्हणून त्यांनी रात्रभर पित्ताच्या गोळ्या घेतल्या, आणि सकाळी ईसीजी काढल्यावर हृदयाच्या पुढच्या भिंतीला मोठा झटका बसल्याचे कळले. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून एलएडी या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्यात आला. दुसऱ्या दिवशीच्या टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ईएफ (हृदयाचे पंपिंग) ३५ टक्के, पुढची भिंत व हृदयाचे टोक यांची हालचाल मंद, गुठळी नाही, असे लिहिले होते. मागच्या आठवड्यात दुसऱ्या केंद्रात केलेल्या इकोत मात्र ईएफ ४२ टक्के आली, पण टोकाचा भाग अजिबात हलत नाही आणि तेथे १४ गुणिले ९ मिलिमीटरची गुठळी आहे, असे नमूद केले आहे. डॉक्टरांनी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध सुरू केले.

पंपिंग सुधारले असताना गुठळी कोठून आली, की पहिला अहवालच चुकीचा होता? शिवाय ४२ टक्के म्हणजे ५८ टक्के हृदय निकामी, असा अर्थ आईने लावला असून ती वडिलांना जिनाही चढू देत नाही. हा अर्थ बरोबर आहे का?

लब्डब्
मी फिजिशियन आहे आणि बरीच वर्षे इको करतो. अहवालातील चित्रे न पाहता लिहीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

आधी आईंच्या शंकेविषयी. डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते ईएफ सांगते. जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त भरले आणि त्यातले ७२ बाहेर गेले, तर ईएफ ६० टक्के झाली, आणि ती पूर्णपणे निरोगी हृदयाची आहे. शंभर टक्के कोणाचीच नसते. त्यामुळे ४२ची तुलना शंभराशी नव्हे, साधारण ५५ ते ६५शी करायची. शिवाय दोन निरनिराळ्या हातांनी मोजलेल्या आकड्यांत पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा ३५चे ४२ झाले ही सुधारणा असू शकते, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

सुधारणा खरी असेल तर तिचे कारण असे, की रक्तपुरवठा थांबल्यावर स्नायूचा काही भाग मरतो आणि त्याच्या आजूबाजूचा भाग जिवंत राहूनही काही आठवडे गलितगात्र असतो. स्टेंटने रक्त पूर्ववत झाल्यावर हा दुसरा भाग हळूहळू कामाला लागतो. मेलेला भाग मात्र तसाच राहतो, आणि एलएडीच्या झटक्यात तो बहुधा टोकाकडचा असतो. तेथे भिंत हलत नाही, रक्त रेंगाळते, आतले अस्तर इजा झालेले असते. गुठळीला याहून सोयीची जागा नाही. बाकीच्या भिंती सुधारल्याने एकूण ईएफ वाढली आणि टोक निश्चल राहिल्याने तेथे गुठळी झाली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पहिला अहवाल चुकीचाच होता असे म्हणता येणार नाही. अशा गुठळ्या बहुतेक करून झटक्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तयार होतात. दुसऱ्याच दिवशी ती नसणे स्वाभाविक आहे. पण हेही सांगायला हवे, की प्रोब (छातीवर फिरवायचे उपकरण) जरा तिरका लागला तर टोक चित्रात आखूड येते आणि लहान गुठळी निसटते. शंका असल्यास शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त उजळवणारे द्रव्य) देऊन पुन्हा पाहतात: जवनिका उजळते आणि गुठळी काळी उठून दिसते.

पहिल्या आठवड्यात आम्ही इकोत शोधतो त्या गोष्टी वेगळ्या आणि अधिक भयंकर असतात. रुग्णाला अचानक दम लागला, रक्तदाब घसरला आणि स्टेथोस्कोपला नवा मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला, की दोन शक्यता आधी तपासतो: दोन जवनिकांमधला पडदा फाटला का, किंवा मायट्रल झडपेच्या दोऱ्या धरणारा स्नायू तुटला का. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या कलर डॉपलरमध्ये पहिल्यात रक्ताचा झोत डावीकडून उजव्या जवनिकेत जाताना दिसतो, दुसऱ्यात तो डाव्या कर्णिकेत (वरच्या डाव्या कप्प्यात) उसळतो. खालच्या भिंतीच्या झटक्यात हा स्नायू तुटण्याचा धोका जास्त, कारण मागच्या स्नायूला बहुधा एकाच रक्तवाहिनीतून पुरवठा होतो. बाहेरची भिंत फाटली तर हृदयावरणात रक्त साठून हृदय दाबले जाते, आणि तेव्हा शस्त्रक्रियेला मिनिटांचाच अवधी असतो. आपल्या वडिलांचा हा काळ उलटून गेला आहे. आता पाहायचे ते टोकाला फुगवटा येतो का, झडप गळते का आणि गुठळी विरघळते का.

(ज्या यंत्राने हे सारे दिसू लागले त्याचा पूर्वज धातूतील तडे शोधण्यासाठी होता, १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुट हेर्ट्झ यांनी ते हृदयावर वापरून पाहिले.)

नीरा-काठ
मला २०१९ साली असाच त्रास झाला होता, म्हणून वॉरफरिनविषयी थोडे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) दोन ते तीनच्या मध्ये ठेवायला सांगितले होते. मी मेथी-पालक एकदम बंद केले आणि आकडा वर गेला. नंतर कळले की पालेभाजी सोडायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. स्टेंटच्या गोळ्याही चालू असल्याने रक्तस्राव सहज होतो. काळे शौच किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास डॉक्टरांकडे जायला थांबू नये, आणि गुडघेदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये.

पुरंदर७२
थोडे विषयांतर. माझ्या थोरल्या भावाचा इको नॉर्मल होता, तरी दोन महिन्यांनी अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले. मग इकोचा भरवसा काय?

लब्डब्
इकोत रक्तवाहिन्यांतील अडथळे दिसत नाहीत, अडथळ्यांमुळे स्नायूच्या हालचालीवर झालेला परिणाम दिसतो. विश्रांतीच्या वेळी अरुंद वाहिनीतूनही पुरेसे रक्त जात असेल, तर भिंती उत्तम हलतात आणि अहवाल नॉर्मल येतो. म्हणून चालताना छाती भरून येणाऱ्याला ट्रेडमिलवर चालवून किंवा हृदयाला जोरात काम करायला लावणारे डोब्युटामिन देऊन स्ट्रेस इको करतात. श्रमात स्नायूला रक्त कमी पडले, की ईसीजी बदलण्याआधी आणि छातीत दुखण्याआधी त्या भागाची हालचाल मंदावते.

माणदेशी
दोन्ही सीडी घेऊन काल आमच्या डॉक्टरांना भेटलो. पहिल्या चित्रात टोक नीट आलेच नव्हते, असे त्यांनी दाखवले. तीन महिन्यांनी पुन्हा इको आहे. तोवर वडिलांनी सपाटीवर चालावे आणि जिना सावकाश चढावा, असे त्यांनी आईला समोर बसवून सांगितले. तीन महिन्यांनंतरच्या इकोत नेमके काय पाहतील?

लब्डब्
गुठळी गेली का, आणि टोक हलू लागले का, हे दोन्ही. गुठळी विरली तर वॉरफरिन थांबवण्याचा विचार होतो. मात्र टोक फुगलेलेच राहिले तर काही डॉक्टर ते पुढे चालू ठेवतात. ईएफही पुन्हा मोजतील. औषधे पूर्ण देऊनही ती ३५ किंवा त्याहून खाली राहिली, तर छातीत आयसीडी (हृदयाची लय धोकादायक बिघडल्यास झटका देऊन ती सावरणारे यंत्र) बसवण्याचा प्रश्न येतो, आणि म्हणूनच तो निर्णय झटक्याच्या आठवड्यात घेत नाहीत. शक्य असल्यास तो इको पहिल्या दोन सीडी सोबत नेऊन, आधी इको केलेल्यांपैकीच एका डॉक्टरांकडून करून घ्यावा.